चार कोटी अंकांची संख्या मूळ आहे, हे न भागता कसे सिद्ध होते?

बालाघाट_गणित (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यातील एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. मूळ संख्यांचा पाठ घेताना मी आज ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येचा, म्हणजे २^१३६२७९८४१ − १ हिचा उल्लेख केला (^ हे चिन्ह येथे घातासाठी वापरले आहे). ल्यूक ड्युरंट या अमेरिकी संशोधकाने 'गिम्प्स' या स्वयंसेवी प्रकल्पातून ती शोधली, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ती मूळ असल्याचे सिद्ध झाले आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत, एवढे सांगून मी पुढे जाणार होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे असे तुम्हीच शिकवले. मग ही संख्या कुणी भागून पाहिली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या संख्येच्या वर्गमूळातच दोन कोटी पाच लाखांहून अधिक अंक येतात, त्यामुळे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. 'संगणकाने तपासले' हे उत्तर मला द्यायचे नाही, कारण संगणकाने नेमके काय तपासले हाच तर प्रश्न आहे. आठवी-नववीच्या मुलांना पेलेल अशा भाषेत कुणी सांगू शकेल का?

गोदातीर (नांदेड)

बाई, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. उत्तराची सुरुवात संख्येच्या आकारापासून नव्हे, तर तिच्या घडणीपासून करावी लागेल. चार कोटी अंक असलेली एखादी आडदांड संख्या कुणी समोर ठेवली, तर ती मूळ असल्याचे सिद्ध करणे आजही जवळपास अशक्य आहे. ही संख्या सापडली, कारण ती '२ च्या घातापेक्षा एकने कमी' अशी आहे. अशा संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक मारें मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ही संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ एकांची सलग रांग होते आणि मध्ये एकही शून्य येत नाही. मुलांना येथून आत नेता येईल. सहा एकांची रांग घ्या, म्हणजे ६३. तिचे दोन-दोनाचे तीन गट पडतात, म्हणून ती ३ ने भागली जाते. तीन-तीनाचे दोन गटही पडतात, म्हणून ती ७ नेही भागली जाते. रांगेची लांबी संयुक्त असेल, तर असे समान गट पाडता येतात आणि त्या गटाची किंमत हाच विभाजक मिळतो. म्हणून मर्सेन संख्या मूळ असायची, तर तिचा घातांक मूळ असलाच पाहिजे. १३६२७९८४१ ही संख्या स्वतः मूळ आहे.

मात्र घातांक मूळ असला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक ११ मूळ, तरीही संख्या संयुक्त. पुढे जाल तसे असे घातांक अधिकाधिक भेटतात. १८७६ पर्यंत हाती लागलेल्या मर्सेन मूळ संख्या बोटांवर मोजता येतील एवढ्या होत्या आणि आजही सगळ्या मिळून ५२ च आहेत.

शून्याच्या_अलीकडे (परभणी)

गोदातीर सरांनी २०४७ चे उदाहरण दिलेच आहे, तर त्यातून पुढची गोष्ट सांगतो. २३ = २ × ११ + १ आणि ८९ = ८ × ११ + १. हा योगायोग नाही. घातांक प मूळ असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ विभाजक (२ × क × प) + १ याच रूपाचा असतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते.

पहिल्या भागाची सिद्धता दहावीच्या हुशार मुलांना समजेल अशी आहे. समजा, मूळ संख्या व ही २^प − १ ला भागते. म्हणजे २^प ला व ने भागल्यास बाकी १ उरते. आता २ चे घात एकामागून एक घेत व ने भागत गेलो, तर बाकी पहिल्यांदा १ कधी येते ते पाहायचे. ज्या घाताला ती पहिल्यांदा येते, त्याच्या पटींनाच ती पुन्हा येते. प हा मूळ असल्यामुळे तो पहिला घात १ किंवा प यांपैकीच एक असणार, आणि १ असणे शक्य नाही. दुसरीकडे फर्मा यांच्या प्रमेयानुसार २^(व − १) लाही बाकी १ च येते. म्हणून (व − १) ही प ची पट असते. व विषम असल्यामुळे (व − १) सम असते, म्हणून ती २प ची पट होते. एवढेच.

आता हे सध्याच्या विक्रमी संख्येला लावून पाहा. तिला विभाजक असताच, तर तो किमान २ × १३६२७९८४१ + १, म्हणजे २७,२५,५९,६८३ एवढा असता. पण या संख्येला ८ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून तीही बाद. क = २ घेतल्यास येणारी संख्या ५ ने संपते, म्हणून तीही बाद. क = ३ घेतल्यावर येणारी ८१,७६,७९,०४७ ही आठाच्या अटीत बसणारी पहिली संख्या आहे. म्हणजे ३, ५, ७, ११ पासून ८१ कोटींपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भागून पाहण्याची गरज नाही, कारण त्यांतली एकही विभाजक असूच शकत नाही, हे कागदावरच ठरते.

मांजराकाठ (लातूर)

याच युक्तीच्या जोरावर लेनर्ड ऑयलर यांनी २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित आत आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, तर जवळपास पाच हजार भागाकार करावे लागतात. परंतु वरच्या दोन्ही अटी एकत्र केल्या, की विभाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच रूपाचा असावा लागतो. अशा संख्या पावणेचारशेच्या आसपास निघतात आणि त्यांतल्या संयुक्त वगळल्यावर फारच थोडे भागाकार उरतात. ऑयलर यांची दृष्टी त्या वेळी जवळपास गेलेली होती हे लक्षात घेतले, की त्या कामाची किंमत अधिक कळते.

आमच्याकडे लातुरात संगणकशास्त्राच्या मुलांना ही संख्या वेगळ्याच कारणाने तोंडपाठ असते. ३२ बिटांत धन-ऋण पूर्णांक साठवायचा, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या संगणकीय घड्याळांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते, तेव्हा मोजलेल्या सेकंदांची संख्या हीच असेल. ती मूळ आहे, याचा त्या अडचणीशी काही संबंध नाही, हे मात्र मुलांना आवर्जून सांगावे लागते.

बालाघाट_गणित (अंबाजोगाई)

२४८ आणि ६३ कुठून आले, हे मी वर्गात सोडवून दाखवीन, त्यात अडचण नाही. पण ८१ कोटींच्या पुढचे काय? विभाजकांची संख्या कितीही कमी केली, तरी वर्गमूळापर्यंत पोहोचणे अशक्यच राहते. मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे.

गोदातीर (नांदेड)

बरोबर. विभाजकांची चाळणी फक्त संयुक्त संख्या लवकर बाहेर काढण्यासाठी उपयोगी पडते. मूळपणाची सिद्धता वेगळ्या वाटेने येते, आणि त्या वाटेवर विभाजक शोधलाच जात नाही. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये तिचा पाया घातला आणि डेरिक लेहमर यांनी १९३० च्या दशकात तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. म्हणून तिला ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात.

कृती इतकी साधी आहे, की सहावीतले मूलही ती करू शकते. ४ पासून सुरुवात करा. संख्येचा वर्ग करा, त्यातून २ वजा करा आणि मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. असे (प − २) वेळा करा. शेवटी बाकी शून्य आली, तर संख्या मूळ आहे आणि शून्य नाही आली, तर संयुक्त आहे. मधली वाट नाही.

१२७ साठी, म्हणजे प = ७ असताना, पाच पायऱ्या होतात: ४, मग १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी ०. म्हणून १२७ मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्या करायच्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. येथे एक बाब मुलांच्या लक्षात आणून द्यावी. या नऊ पायऱ्यांत २३ किंवा ८९ यांचा कुठे मागमूसही नाही. संख्या फुटते एवढे ही कसोटी ठामपणे सांगते, पण कशी फुटते ते सांगत नाही.

इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे. मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तिच्यात ६७ होता. ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले, की २^६७ − १ संयुक्त आहे. पण तिचे अवयव कुणालाच माहीत नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. म्हणजे सत्तावीस वर्षे ती संख्या संयुक्त म्हणून माहीत होती आणि तिचा एकही अवयव माहीत नव्हता. मला स्वतःला ही गोष्ट विक्रमी संख्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते. (कोल यांचा पहिला अवयव शून्याच्या_अलीकडे यांच्या नियमात बसतो का, ते पाहा: १९३७०७७२० ÷ १३४ = १४४५५८०, बाकी शून्य.)

मर्सेन यांच्या यादीत ६७ आणि २५७ हे दोन घातांक चुकीचे होते आणि ६१, ८९ व १०७ हे तीन सुटले होते. तरीही नाव त्यांचेच राहिले, कारण प्रश्न त्यांनी सर्वांसमोर ठेवला.

सोयाबीनवाला (हिंगोली)

कसोटी कळली. पण १३ कोटी ६२ लाख पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग! ते करून पुन्हा तेवढ्याच मोठ्या संख्येने भागायचे. हेही अशक्यच वाटते की.

शून्याच्या_अलीकडे (परभणी)

दोन गोष्टींमुळे ते शक्य होते. पहिली म्हणजे, भागाकार करावाच लागत नाही. ९ ने भागल्यावर उरणारी बाकी काढताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते. तसेच २^प ला २^प − १ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून वर्ग केल्यावर जी दुप्पट लांबीची द्विमान रांग येते, तिचे खालच्या प अंकांचा एक आणि वरच्या अंकांचा एक असे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली, की बाकी मिळाली. 'एकने कमी' या रूपाचा खरा फायदा येथे आहे. इतर रूपांच्या संख्यांना एवढी सवलत मिळत नाही.

दुसरी गोष्ट वर्गाची. शाळेतल्या रीतीने चार कोटी अंकांचा वर्ग करायचा, तर अंकांचे गुणाकार १६ वर १४ शून्ये, एवढ्या संख्येने होतील. त्याऐवजी संख्येचे तुकडे करून जलद फूरिये रूपांतर वापरतात. त्यामुळे काम लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात न वाढता लांबीपेक्षा थोडेसेच जास्त वाढते. ज्या गणिताने ध्वनीतील कंपने वेगळी करतात, त्याच गणिताने येथे गुणाकार होतो.

ड्युरंट यांनी हे काम अनेक देशांतील विदा-केंद्रांतल्या ग्राफिक्स कार्डांवर वाटून दिले होते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिन येथील यंत्राने ही संख्या 'बहुधा मूळ' असल्याचे दाखवले आणि दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियो येथील यंत्रावर ल्युका-लेहमर कसोटी शून्यावर पोहोचली. त्यानंतर वेगवेगळ्या आज्ञावली वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून तोच निकाल पुन्हा मिळवला आणि मगच घोषणा झाली.

गिम्प्सची आज्ञावली कुणालाही विनामूल्य मिळते आणि घरच्या संगणकावर चालवता येते. फक्त आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ती रात्रंदिवस चालू ठेवणे यंत्राला आणि वीजबिलाला दोन्हींना मानवत नाही. वीज गेली, तर मात्र काम वाया जात नाही, कारण ती मधली बाकी अधूनमधून साठवून ठेवते.

जालना_रोड (छत्रपती संभाजीनगर)

माझा प्रश्न थोडा व्यवहारी आहे. बँकेचे व्यवहार मूळ संख्यांमुळे सुरक्षित राहतात असे ऐकतो. मग ही संख्या त्यासाठी वापरणार का?

मांजराकाठ (लातूर)

नाही. व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या आरएसए या कूटपद्धतीत साधारण तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगाने पाहिलेली संख्या तिथे कामाची नाही, आणि चार कोटी अंकांच्या संख्येने एक व्यवहार करायला लागणारा वेळ कुणाला परवडणारा नाही. मात्र लहान मर्सेन मूळ संख्या रोजच्या वापरात आहेत. २^५२१ − १ ही एका प्रमाणित लंबवर्तुळी-वक्र कूटपद्धतीचा आधार आहे, आणि यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या 'मर्सेन ट्विस्टर' या पद्धतीचे आवर्तन २^१९९३७ − १ एवढे लांब असते. पायथन या संगणकीय भाषेत यादृच्छिक संख्या मागितली, की मागे हीच पद्धत काम करते. कारणे मात्र वेगळी आहेत: कूटपद्धतीत अशा संख्येने भागून बाकी काढणे स्वस्त पडते, तर ट्विस्टरमध्ये ही संख्या मूळ असल्यामुळे आवर्तन खरोखर एवढे लांब आहे हे तपासणे सोपे जाते.

सोयाबीनवाला (हिंगोली)

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी रीत शोधली होती ना? ती का वापरली नाही?

गोदातीर (नांदेड)

ती रीत सैद्धांतिक दृष्ट्या फार मोठी आहे. कोणत्याही संख्येसाठी, कोणत्याही सिद्ध न झालेल्या गृहीतकाशिवाय आणि वेळेच्या मर्यादेची हमी देऊन मूळपणा ठरवता येतो, हे तिने प्रथमच सिद्ध केले. पण प्रत्यक्ष गणनेत ती मंद आहे. विशेष रूप नसलेल्या संख्यांसाठी आज लंबवर्तुळी वक्रांची रीत वापरतात आणि तीही लाखभर अंकांच्या आसपास दमते. लाख आणि चार कोटी यांतले अंतर ही मर्सेन रूपाने दिलेली सवलत आहे. म्हणून 'सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या' हा किताब बहुतेक वेळा मर्सेन संख्येकडेच राहिला आहे.

याचा अर्थ मधल्या सगळ्या मूळ संख्या आपल्याला ठाऊक आहेत, असा कुणी घेऊ नये. या संख्येच्या परिसरात दोन लागोपाठच्या मूळ संख्यांमधील सरासरी अंतर सुमारे ९ कोटी ४४ लाख येते, पण तिच्या लगेच पुढची किंवा लगेच मागची मूळ संख्या कोणती, हे कुणालाही माहीत नाही. तिला ५२ वी म्हणतात तेही 'ज्ञात असलेली ५२ वी' या अर्थाने, कारण मधल्या सर्व घातांकांची फेरतपासणी पूर्ण झालेली नाही. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हेही सिद्ध झालेले नाही.

बालाघाट_गणित (अंबाजोगाई)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गात प्रत्यक्ष करण्याजोगे काही असेल, तर तेही सांगावे. चार कोटी अंक पाहिल्याशिवाय त्या संख्येबद्दल मुलांना स्वतः काय काढता येईल?

मांजराकाठ (लातूर)

पुष्कळ काढता येईल. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक २^२ पासून दर वीस घातांनी पुन्हा येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून २^२१ प्रमाणेच या घाताच्या शेवटी ५२ येणार आणि आपल्या संख्येच्या शेवटी ५१. नवाची बाकीही निघते. २ च्या घातांची ९ ने भागल्यावरची बाकी दर सहा घातांनी पुन्हा येते. आपल्या घातांकाला ६ ने भागल्यास ५ उरतात, २^५ = ३२ ची नवाची बाकी ५, त्यातून १ गेला की ४. म्हणजे त्या ४,१०,२४,३२० अंकांची बेरीज केली, तर तिला ९ ने भागल्यावर ४ च उरणार, आणि एकही अंक न पाहता हे ठरले.

शिवाय हिच्यापासून एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते अशी संख्या. २^(प − १) आणि २^प − १ यांचा गुणाकार परिपूर्ण असतो, हे युक्लिड यांनी दाखवले, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते, हे ऑयलर यांनी. ६ आणि २८ यांच्यापासून सुरू होणाऱ्या यादीत ही नवी भर पडली. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे आजही कुणी सिद्ध केलेले नाही.

शून्याच्या_अलीकडे (परभणी)

बाई, ८१९१ वर, म्हणजे प = १३ साठी, पूर्ण कसोटी मुलांकडून करून घ्या. कॅल्क्युलेटर असला, तर एका तासिकेत होते. पडताळ्यासाठी उत्तरे देतो: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०.

शून्याच्या अलीकडची बाकी पाहायला सांगा. येथे ती १२८ आहे, म्हणजे २^७. घातांक ५ असलेल्या ३१ साठी बाक्या ४, १४, ८, ० अशा येतात, तिथे ती ८, म्हणजे २^३. पण १२७ च्या वेळी ती १११ होती, जी २ चा घात दिसत नाही. मुलांना थोडा वेळ अडू द्या आणि मग १२७ मधून १११ वजा करायला सांगा. १६ येतील, म्हणजे १११ ही उणे २^४ आहे. कारण असे, की शेवटी शून्य यायचे असेल, तर आधीच्या बाकीच्या वर्गाची बाकी २ असली पाहिजे, आणि २^(प + १) ची बाकीही २ च असते. भागणारी संख्या मूळ असल्यामुळे अशा वर्गमुळांच्या दोनच किमती संभवतात: अधिक किंवा उणे २^((प + १) ÷ २). म्हणून विक्रमी संख्येच्या बाबतीतही शून्याच्या आधीची बाकी अधिक किंवा उणे २^६८१३९९२१ हीच असली पाहिजे, हे यंत्र सुरू करण्याआधीच सांगता येते.